परदेशीं एकट्यानें जावयाचें तर कोणत्या गांवीं?

गेल्या महिन्यांत गारखेड्याच्या आमच्या एका सभासदाचा तरुण मुलगा आम्हांकडे आला. गारखेडा हा एके काळीं शहराच्या दक्षिणेस स्वतंत्र गांव होता व तेथें ज्वारी-बाजरीचीं शेतें होतीं. सांप्रत तेथें शेत शोधूं गेल्यास सूतगिरणीचा चौक, क्रीडासंकुल आणि घरांच्या रांगा भेटतात. या मुलाच्या घराण्याची तेथील जमीन प्लॉट पडून गेली. आलेल्या पैशांतून वडिलांनीं पैठण तालुक्यांत सहा एकर काळी जमीन घेतली, तीच आतां त्यांची शेती. मुलानें आम्हांस विचारलें, "काका, दहा दिवस एकट्यानें परदेशीं जाऊन तेथली शेती पाहून यावी असें मनांत आहे. पैसा एकदांच पुरेल इतका आहे. इस्रायलला जाऊं कीं हॉलंडला?"

आम्हीं सांगितलें कीं, तूर्त दोन्हीकडे जाऊं नकोस. हें उत्तर त्यास रुचलें नाहीं हें त्याच्या चेहऱ्यावरून दिसलें. परंतु असाच प्रश्न मनांत बाळगणारे वाचक आमच्या मंडळांत बरेच असतील, म्हणून आमच्या उत्तरामागील विचार येथें सविस्तर मांडतों.

प्रथम एकट्यानें जावें कीं मंडळीबरोबर, हें पाहूं. राज्याच्या कृषी खात्यामार्फत शेतकऱ्यांचे परदेशीं अभ्यासदौरे निघतात व कांहीं संस्थाहि आपल्या सभासदांस नेतात. अशा दौऱ्यांचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. दुभाषी बरोबर असतो, एऱ्हवीं न उघडणारीं दारें उघडतात आणि पहिल्यानेंच देशाबाहेर पाऊल टाकणाऱ्यास सोबतीचा धीर असतो. परंतु तीस-चाळीस माणसें एकदम बसमधून उतरलीं म्हणजे यजमान त्यांस शेत न दाखवितां शेताचें प्रदर्शन दाखवितो. तासाभरांत छायाचित्रें निघतात, चहा होतो व बस पुढें जाते. कर्ज किती आहे, पाण्याची पाळी चुकली तर तंटा कोणाशीं होतो, मुलगा शेतीवर राहणार कीं शहरांत जाणार, हें त्या तासांत कोणी विचारीत नाहीं व कोणी सांगतहि नाहीं. तें चौथ्या-पांचव्या संध्याकाळीं ओट्यावर बसलें असतां निघतें. एकटा पाहुणा दोन दिवसांत घरांतला होतो. त्याच्या हातांत खुरपें देण्यास कोणास संकोच वाटत नाहीं. म्हणून ज्यास कामापुरतें इंग्रजी येतें व ज्याची प्रकृति धड आहे, त्यानें एकट्यानें जावें. मात्र दहा दिवसांत पांच देशांचे शिक्के पारपत्रावर उमटविण्यापेक्षां एकाच गांवांत आठ दिवस राहावें.

आतां तो गांव निवडावा कसा? बाजारांत बैल घेतांना आपण शिंगांचा रंग पाहून पैसे मोजीत नाहीं. दांत पाहतों, खूर पाहतों, चार पावलें चालवून पाहतों. परदेशांतील गांवासहि असेच तीन प्रश्न लावावेत. तेथील शेतकऱ्याची अडचण आपल्या अडचणीसारखी आहे काय? त्यानें काढलेला उपाय आपल्या हातांनीं व आपल्या पैशांत होण्याजोगा आहे काय? आणि आपणांसारख्या अनोळखी माणसाशीं बोलावयास तेथें कोणास सवड सांपडेल काय?

इस्रायलला हे प्रश्न लावून पाहूं. ठिबक सिंचनाची कीर्ति तेथून निघाली हें खरें. नेगेव वाळवंटाच्या कडेला हात्झेरीम नांवाच्या सामुदायिक वसाहतीनें १९६५ सालीं ठिबक नळ्यांचा कारखाना काढला. परंतु त्या नळ्या आतां जळगांवास बनतात व आपल्या मोसंबीच्या बागांत कित्येक वर्षें पसरलेल्या आहेत. त्या पाहण्यास समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. तेथें जें खरोखर वेगळें आहे तें नळीच्या मागें आहे. १९५९ च्या कायद्यानें त्या देशांतील सर्व पाणी, अगदीं विहिरीचेंहि, सार्वजनिक मालकीचें ठरलें; १९६४ सालीं उत्तरेचें पाणी दक्षिणेस नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी पुरी झाली; पुढें समुद्राचें पाणी गोडें करण्याचे कारखाने उभे राहिले. हीं कामें राज्यकर्त्यांचीं आहेत. सहा एकरांच्या धन्यानें तीं पाहून घरीं येऊन काय करावें? शिवाय २०२३ च्या ऑक्टोबरांत तेथें युद्ध पेटलें, तेव्हांपासून त्या बाजूस एकट्यानें जाण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा हें बरें.

हॉलंडचा प्रकार तर आपल्या अगदीं उलट. त्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खालीं आहे. तेथें पाणी आणण्यापेक्षां पाणी बाहेर काढण्याची विवंचना अधिक. वेस्टलँड भागांतील कांचगृहें पाहून डोळे दिपतात, परंतु त्यांमागें इंधन, भांडवल आणि शेजारची श्रीमंत बाजारपेठ असें सर्व आहे. तेथें आपल्या माणसानें कांहीं पहावें असेंच असेल तर तीं पाणीमंडळें. बंधारे व चर राखण्यासाठीं गांवकऱ्यांनीं तेराव्या शतकापासून हीं मंडळें चालविलीं, आणि त्यांच्या निवडणुका आजहि होतात. पण कांचगृहांच्या दौऱ्यांत या मंडळांकडे कोण नेतो?

मुलास आम्हीं उलट प्रश्न केला कीं, बाबा, तुझ्या शेताची खरी अडचण कोणती? तो म्हणाला, "पाणी." आम्हीं विचारलें, पाणी मुळींच नाहीं कीं पुरत नाहीं? तेव्हां त्यानें सर्व हकीकत सांगितली. त्याच्या शेताजवळ दुष्काळी कामांतला जुना पाझर तलाव आहे. पाऊस बरा झाला कीं तलाव भरतो. मग ज्याची मोटार मोठी तो आधीं उपसतो, त्यास पाहून दुसरा मोठी मोटार बसवितो, आणि संक्रांत येते न येते तोंच तलावाच्या तळास भेगा पडतात. खालच्या विहिरी आटतात, आणि गव्हाच्या शेवटच्या दोन पाळ्या कोणासच मिळत नाहींत.

ही अडचण मराठवाड्यांतील हजारों गांवांची आहे. आपल्या जिल्ह्याचा पाऊस सरासरीनें सुमारें सातशें मिलिमीटर. पण त्या सरासरीवर भरंवसा ठेवून कोणी पेरणी करूं शकत नाहीं. १९७२ चा दुष्काळ वडील मंडळींस आठवतो. २०१२-१३ व २०१५-१६ हीं वर्षें तर तरुणांनींहि पाहिलीं; २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. नळ्या आपणांजवळ आहेत, मोटारी आहेत, शेततळीं आहेत. थोडें पाणी पुष्कळांनीं तंट्यावांचून कसें वांटून घ्यावें, ही विद्या मात्र आपण गमावीत चाललों आहों. तेव्हां ही विद्या जेथें अद्याप गांवच्या अंगवळणीं आहे, तेथें या मुलानें जावें असें आम्हांस वाटतें. आणि असा मुलूख मुंबईहून विमानानें अवघ्या अडीच तासांवर आहे. तो म्हणजे लंकेचा कोरडा प्रदेश, अनुराधपुराच्या आसपासचीं खेडीं.

लंका म्हटली कीं चहाचे मळे व नारळाच्या बागा डोळ्यांपुढें येतात. परंतु त्या बेटाचा उत्तर व पूर्व भाग वर्षांतून कित्येक महिने कोरडा असतो. तेथील लोकांनीं दोन हजार वर्षांपूर्वींपासून मातीचे बांध घालून तळीं बांधलीं. राजांनीं बांधलेले अफाट तलाव प्रवासी पाहतात. आपण पहावयाचीं तीं गांवचीं लहान तळीं. तळ्यास तेथें 'वेव' म्हणतात, हा आपल्या वापीचाच अपभ्रंश. गांवास 'गम' आणि भातास 'बत' म्हणतात. एका लहानशा खोऱ्यांत अशीं पांच-दहा तळीं एकाखालीं एक, माळेंतल्या मण्यांसारखीं असतात. वरच्या तळ्याचें सांडपाणी व वरच्या शेतांतून झिरपलेलें पाणी खालच्या तळ्यांत येतें, आणि तेंच पाणी पुन्हां कामास लागतें. या व्यवस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनें २०१७ सालीं जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशांत स्थान दिलें.

तळ्याची रचना बारकाईनें पाहण्याजोगी आहे. पाणी जेथून तळ्यांत शिरतें तेथें झाडांचा पट्टा राखतात. त्यास 'गसगोम्मन' म्हणतात. त्यानें वारा अडतो व बाष्प कमी उडतें. त्याच्या बाजूस गवताचा पट्टा असतो, तो 'पेरहन'. येणारा गाळ त्यांत गाळला जातो. त्याहून वर गाळ अडविण्यासाठीं व जनावरांस पाणी पाजण्यासाठीं एक लहान तळें निराळेंच ठेवतात. बांधाच्या खालीं आणि भातखाचरांच्या वर आणखी एक झाडांची पट्टी असते, ती 'कट्टकडुव'. ती झिरपणाऱ्या पाण्यांतील खार शोषून घेते. आपल्या पाझर तलावांत दरसाल किती गाळ येतो व तो काढण्यास किती पैसा जातो याचा हिशेब ज्यानें केला असेल, त्यास या गवताच्या पट्टीची किंमत वेगळी सांगावयास नको. तिला ना सिमेंट लागतें ना यंत्र. एवढेंच लागतें कीं ती जागा कोणी नांगरूं नये.

परंतु आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती वांटणीची रीत. हंगामाच्या तोंडाशीं गांवांतील सर्व खातेदार एकत्र बसतात. त्या बैठकीस 'कन्न' बैठक म्हणतात. तळ्यांत पाणी किती आहे हें पाहून किती क्षेत्र करावयाचें, कोणत्या मुदतीचें वाण लावावयाचें, पाणी कोणत्या तारखेस सोडावयाचें व गुरें कोणत्या तारखेपासून बांधावयाचीं हें तेथें ठरतें. आणि पाणी सर्व शेतांस पुरणार नाहीं असें दिसलें तर 'बेथ्म' लागू करतात. बेथ्म म्हणजे काय? तळ्याजवळचा जेवढा तुकडा त्या पाण्यानें भिजूं शकेल तेवढाच पेरावयाचा, आणि तो त्या एका हंगामापुरता सर्व खातेदारांनीं आपापल्या हिश्श्याच्या प्रमाणांत वांटून घ्यावयाचा. ज्याची जमीन बांधाजवळ आहे तो शेपटाकडच्या भावास त्या हंगामापुरती जागा देतो. मालकी बदलत नाहीं. पुढच्या हंगामांत ज्याची त्यास परत. सर्वांची थोडथोडी पेरणी होते, पण कोणाची सर्व बुडत नाहीं. शिवाय शिवाराच्या टोकास पांखरांसाठीं म्हणून भाताची पट्टी सोडण्याचीहि जुनी चाल आहे. पाण्याचा वाटा ठरवितांना पांखराचीहि आठवण ठेवणारीं माणसें कशीं बोलतात, कशीं भांडतात व कशीं मिटवितात, हें आठ दिवस जवळून पाहण्यासारखें नाहीं काय?

यावर कोणी म्हणेल कीं, अशा रीती आपल्याकडेहि होत्या, मग परदेश कशाला? आक्षेप योग्य आहे. पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर धुळें-नाशिककडे फडपद्धति शतकानुशतकें चालली. फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, पाटकऱ्यानें पाणी द्यावयाचें व जागल्यानें राखण करावयाची. पुरंदर तालुक्यांत नायगांवीं विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली व जमिनीच्या मापावर पाणी न देतां घरांतील माणसें मोजून दिलें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार दरसाल पावसाचा ताळेबंद मांडून पिकें ठरवितो. आमचें स्पष्ट मत आहे कीं, ज्यानें हीं स्थळें पाहिलीं नाहींत त्यानें परदेशाचें तिकीट काढूं नये. आधीं चार दिवस पांझराकांठीं काढावेत, मग लंकेस जावें.

तरीहि लंकेस जाण्यांत एक लाभ आहे, तो घरीं मिळत नाहीं. आपल्या मुलखांत आपण दुसऱ्या गांवचा तंटा पाहतों तेव्हां कोण कोणत्या पक्षाचा, कोण कोणाचा सोयरा, हें आधीं दिसतें व न्याय मागाहून दिसतो. परक्या देशांत यांतलें कांहींच आपणांस ठाऊक नसतें. तेथें बांधाजवळचा शेतकरी आपली जागा शेपटाकडच्यास देतो, तेव्हां तो कोणत्या जातीचा व कोणत्या गटाचा हा विचार मनांत न येतां कृति तेवढी दिसते. आपली भाऊबंदकी ओळखावयास दुसऱ्याची भाऊबंदकी दुरून पहावी लागते.

लंकेची भलावण करतांना तिचे दोष झांकण्याचा आमचा विचार नाहीं. अनुराधपुराकडे पाऊस बाराशें-तेराशें मिलिमीटर, म्हणजे आपल्या जवळजवळ दुप्पट. जमीन तांबूस, आपल्यासारखी काळी नव्हे. मुख्य पीक भात. कापूस, तूर, सोयाबीन यांचें तेथें शिकण्याजोगें फारसें नाहीं. व्यवस्थाहि जशीच्या तशी टिकलेली नाहीं. इंग्रजांनीं १८३२ च्या सुमारास गांवकऱ्यांची सक्तीची राजसेवा बंद केली. तिच्या जोडीनें तळ्यांची डागडुजीहि थांबली व पुष्कळ बांध फुटले. पुढें १८५६ सालीं कायदा करून गांवच्या जुन्या चालींस पुन्हां मान्यता द्यावी लागली. अलीकडे तळ्याखालील शेतांत विहिरी खणून पंप बसविणारे निघाले आहेत, तरुण मंडळी कोलंबोस जात आहेत, आणि बेथ्म सर्वत्र पूर्वींसारखें पाळलें जात नाहीं. परंतु ज्या गांवांत रीत मोडकळीस आली आहे तेथेंच ती कां मोडते हें समजतें. आपल्या मुलानें आदर्श गांवापेक्षां असा चारचौघांसारखा गांव निवडावा हें अधिक चांगलें.

आणखी एक धडा तेथील कोणत्याहि घरीं ऐकावयास मिळेल. २०२१ सालीं त्या सरकारनें रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद केली. भाताचें व चहाचें उत्पन्न घसरलें, आणि कांहीं महिन्यांतच बंदी उठवावी लागली. पुढच्या वर्षीं देशावर आर्थिक अरिष्ट कोसळलें व राष्ट्राध्यक्षास देश सोडावा लागला. सेंद्रिय शेतीच्या बाजूनें व विरुद्ध आपल्याकडे व्याख्यानें पुष्कळ होतात. ज्याच्या खाचरांत त्या हंगामीं खत पडलें नाहीं त्याच्या तोंडून ती हकीकत ऐकणें, हें दहा व्याख्यानांहून अधिक आहे.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. वेळ निवडतांना दोन्हीकडचीं कामें पहावींत. तेथील मोठा हंगाम 'महा'. त्याची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरांत व काढणी फेब्रुवारी-मार्चांत. धाकटा हंगाम 'यल' एप्रिल-मेच्या सुमारास सुरू होतो. पाणी कमी असतें तें यलमध्यें, म्हणून बेथ्मची चर्चाहि त्याच्या तोंडाशीं होते. त्या सुमारास आपला गहू-हरभरा घरांत आलेला असतो व खरिपाच्या मशागतीस अवकाश असतो. तेव्हां मार्चअखेर ते एप्रिल हा काळ उत्तम. मात्र १३-१४ एप्रिलला त्यांचें नवें वर्ष असतें व त्या दिवसांत सर्व व्यवहार बंद असतात. तो आठवडा टाळावा.

कोलंबोपासून अनुराधपूर सुमारें दोनशें किलोमीटर, आगगाडी जाते. गांवांत घरगुती मुक्काम मिळतो. निघण्यापूर्वीं दोन महिने पत्रव्यवहार करावा. कोलंबोजवळ बत्तरमुल्ल येथें आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेचें मुख्य कार्यालय आहे, आणि शेतकरी-सेवेचें सरकारी खातें जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. त्यांस आपण कोण व काय पाहूं इच्छितों हें सरळ लिहावें. सिंहली येणारा एखादा स्थानिक तरुण रोजावर दुभाषी म्हणून घ्यावा. त्यांत काटकसर करूं नये. त्या प्रांतांत मूत्रपिंडाचा एक रोग कित्येक वर्षें आढळतो, त्याच्या कारणाविषयीं शास्त्रज्ञांत एकमत नाहीं. म्हणून विहिरीचें पाणी न पितां गाळलेलें शुद्ध पाणी प्यावें. दिवस मावळल्यावर शिवारांत एकट्यानें फिरूं नये. आपल्याकडे रोही व रानडुकरें पिकांत शिरतात, तेथें हत्ती शिरतात. येतांना बीं, रोप किंवा माती पिशवींत घालून आणूं नये. कायदा तशी मोकळीक देत नाहीं, आणि नवी कीड आणल्याचें पाप पिढ्यान्‌पिढ्या फिटत नाहीं.

आणावयाची वस्तु एकच, ती म्हणजे वही. तींत रोज रात्रीं तीन गोष्टी लिहाव्यात: आज पाण्यासंबंधीं कोण कोणाशीं काय बोललें, तंटा झाला असल्यास तो कोणी मिटविला, आणि न ऐकणाऱ्यास काय शासन झालें. शेतीच्या इतर गोष्टी पुस्तकांत सांपडतील. या सांपडणार नाहींत.

ज्याच्या पदरीं याहून मोठी रक्कम आहे त्यानें स्पेनांतील वॅलेन्सियाच्या भोंवतालचा बागाइती मुलूख पहावा. तेथील आठ पाटांच्या शेतकऱ्यांनीं निवडलेले पंच दर गुरुवारीं दुपारीं बारा वाजतां मोठ्या चर्चच्या दारांत बसतात व पाण्याचे तंटे तोंडीं ऐकून जागच्या जागीं निकाल देतात. ही वाढत्या शहराच्या कडेची शेती असल्यानें तिच्या रक्षणासाठीं २०१८ सालीं तेथें निराळा कायदा करावा लागला. गारखेड्याच्या माणसास हें वाचून काय वाटेल तें आम्ही सांगावयास नको. ज्या शहरास मलिक अंबरानें सतराव्या शतकांत नहरीनें पाणी आणून दिलें, त्याच्या भोंवतालचीं शेतें कायद्यानें राखावींत असें आपल्याकडे कोणाच्या मनांत आलें नाहीं.

असो. त्या मुलानें आमचें सर्व ऐकून घेतलें आणि जातांना इतकेंच विचारलें, "पण काका, बेथ्म पाहून आलों तरी आमच्या गांवांतला बांधाजवळचा माणूस आपली जागा देईल का?" आम्हीं प्रामाणिकपणें सांगितलें कीं, पहिल्या वर्षीं देणार नाहीं. परंतु पाणी सोडण्याच्या आधीं सर्व खातेदार एकदां तलावावर येऊन पाणी मोजतील आणि अमुक तारखेपर्यंत कोणी मोटार लावणार नाहीं इतकें जरी ठरवितील, तरी गव्हाची एक पाळी वांचेल. एवढ्यासाठीं दहा दिवस व गांठीचा पैसा खर्च करणें आम्हांस महाग वाटत नाहीं.

तो गेला तर त्याची वही आम्ही याच मासिकांत छापूं. आणि छापण्यापूर्वीं ती त्याच्या गांवच्या चावडींत एकदां वाचून दाखवावी, अशी अट त्यास आम्हीं घातली आहे.